दुकानदाराला भाव जुळवून मागायचा तो असा

एकाच मॉडेलचा एसी नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात एका भावाला, धरमपेठेत दुसऱ्या भावाला आणि मोबाइलवर तिसऱ्याच भावाला दिसतो. अशा वेळी आपण एक तर जिथं कमी दिसला तिथून मागवतो, नाहीतर ओळखीच्या दुकानात थोडे जास्त मोजून मोकळे होतो. मधला एक मार्ग आहे. ज्या दुकानावर आपला भरवसा आहे, त्याच दुकानदाराला दुसरीकडचा भाव दाखवायचा आणि ‘एवढ्यात देता का?’ असं सरळ विचारायचं. परदेशातल्या मोठ्या दुकानांनी याचा रीतसर नियम करून ठेवला आहे, त्याला प्राइस मॅच म्हणतात. आपल्याकडे अशी पाटी क्वचित दिसते, पण व्यवहार रोज चालतो. तो नीट समजून केला तर एसी, फ्रिज, वॉशिंग मशीनसारख्या खरेदीत हजार-दोन हजार रुपये वाचू शकतात. महिन्याच्या पगारात घर चालवणाऱ्याला ते पैसे कामाचे असतात, म्हणून हा लेख.

मुळात हे काय आहे ते आधी पाहू. दुकान ग्राहकाला सांगतं की हीच वस्तू दुसऱ्या कुणी कमी भावात विकत असेल तर तेवढ्याच भावात आम्हीही देऊ. ब्रिटनमधल्या जॉन लुइस या दुकानसाखळीनं हे वचन १९२५ मध्ये दिलं आणि जवळपास शंभर वर्षं चालवलं. फक्त ऑनलाइन विकणाऱ्यांचे भाव त्यात धरले जात नव्हते. खरेदी तिकडे सरकत गेली तसा त्या वचनाचा उपयोग कमी झाला आणि २०२२ मध्ये ते बंद झालं. २०२४ मध्ये ते परत आणलं, तेव्हा ऑनलाइन विक्रेत्यांनाही त्यात घेतलं. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांमध्येही असे नियम आहेत.

या नियमांची कलमं वाचली तर सगळीकडे अटी सारख्याच सापडतात. वस्तू तंतोतंत तीच हवी. समोरच्याकडे ती आज शिल्लक हवी. विकणारा अधिकृत हवा. आणि भाव सगळ्यांसाठी खुला हवा, एखाद्या कार्डधारकापुरता किंवा तासाभराच्या सेलपुरता नको. गंमत अशी की आपल्या बर्डीवरच्या दुकानदारानं यातलं एकही कलम वाचलेलं नसतं, तरी तो नेमक्या याच चार हरकती घेतो. ‘हे मॉडेल वेगळं आहे’, ‘त्यांच्याकडे स्टॉकच नाही’, ‘तो सेलर कोण आहे?’ आणि ‘तो कार्डचा रेट आहे’. या चार हरकतींची उत्तरं आधीच खिशात असली की निम्मं काम झालं.

पण दुकानदार भाव कमी करायला तयार का होतो? त्यासाठी त्याच्या बाजूचा हिशोब थोडा कळायला हवा. या धंद्यात तीन आकडे सतत बोलले जातात: डीपी, एमओपी आणि एमआरपी. डीपी म्हणजे दुकानदाराला माल ज्या भावात पडतो तो. एमआरपी म्हणजे खोक्यावर छापलेली, सगळे कर धरून असलेली कमाल किंमत. तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेणं वैधमापन कायद्याखाली गुन्हा आहे. एमओपी या दोघांच्या मधला, म्हणजे बाजारात साधारण ज्या भावात माल विकला जावा असं कंपनीला वाटतं तो आकडा. घासाघीस करायची जागा डीपी आणि एमओपीच्या मधेच असते, आणि मोबाइलमध्ये ती फारच अरुंद असते. मोबाइलवाला ‘एमओपीच्या खाली नाही जमत’ म्हणतो, तेव्हा तो पुष्कळदा खरं बोलत असतो.

मात्र कंपनीनं ठरवलेला आकडा म्हणजे कायदा नव्हे. विक्रेत्यानं ग्राहकाला किती सूट द्यावी यावर कंपनीनं बंधन घातलं आणि त्यानं स्पर्धेला बाधा आली, तर ते स्पर्धा कायद्यात बसत नाही. याच मुद्द्यावर भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. त्यामुळे कुणी ‘कंपनी कमी करू देत नाही’ म्हणालं, तर वाद घालू नका, पण तिथं थांबायचीही गरज नाही. भाव खाली येत नसेल तर स्टँड, स्टॅबिलायझर, इन्स्टॉलेशन, वाढीव वॉरंटी यातलं काही मागता येतं. तिथं दुकानदाराचे हात मोकळे असतात.

शिवाय डीपी हा शेवटचा आकडा नसतो. कंपन्या विक्रेत्याला महिन्याचं किंवा तिमाहीचं टार्गेट देतात, आणि ते गाठलं की वरून पैसे मिळतात. टार्गेटला चार-दोन नग कमी पडत असले तर दुकानदार एखाद्या नगावर नफा सोडायला राजी होतो. म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवसांत, कामाच्या दिवशी, दुपारी गेलं तर बोलणं लांबतं आणि भाव उतरतो. रविवारी संध्याकाळी गर्दीत त्याला तुमच्याशी बोलायलाच वेळ नसतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेल्यावर तर एसीवाल्याला भाव कमी करायचं कारणच उरत नाही. नागपुरात एसीची घासाघीस फेब्रुवारीत करावी, किंवा पावसाळा सुरू झाल्यावर.

आता पहिली हरकत, कारण सगळी बोलणी तिथंच अडतात. काउंटरवर नेहमी ऐकू येणारं संभाषण साधारण असं असतं:

‘भाऊ, ह्याचा फायनल रेट काय लावाल?’

‘ताई, साडेचाळीस. इन्स्टॉलेशन न् स्टँड आपल्याकडून.’

‘ऑनलाइन त एकोणचाळीसच्या आत भेटून राहिला न.’

‘दाखवा बरं... हे पाहा ताई, ह्याचं शेवटचं अक्षर वेगळं आहे. ते मागच्या वर्षीचं मॉडेल आहे.’

इथं ग्राहक गप्प होतो. दुकानदार खरं बोलतोय की वेळ मारून नेतोय, हे त्याला कळत नाही. दोन्ही शक्यता असतात. एसी-टीव्हीच्या मॉडेल नंबरात आकडे आणि अक्षरांची लांबलचक मालगाडी असते, आणि एका अक्षरानं वर्ष, रंग, कंप्रेसर किंवा स्टारची संख्या बदलू शकते. काही कंपन्या एखाद्या मोठ्या साखळीसाठी किंवा वेबसाइटसाठी जवळपास तसंच, पण वेगळ्या नंबराचं मॉडेल काढतात. मग भाव जुळवायला तेच मॉडेल दुसरीकडे सापडतच नाही. म्हणून जाहिरातीतल्या नावावर विसंबू नका. ‘दीड टन पाच स्टार इन्व्हर्टर’ हे नाव झालं, मॉडेल नव्हे. दुकानातल्या डेमो पीसवरच्या स्टिकरचा फोटो घ्या आणि तो नंबर जसाच्या तसा, एकही अक्षर न गाळता, शोधा.

एसीच्या स्टारचं लेबलही नीट वाचावं लागतं. वीज बचतीचे हे स्टार ऊर्जा दक्षता ब्युरो देतो, आणि निकष वेळोवेळी कडक होतात. १ जुलै २०२२ पासून एसीचे निकष बदलले तेव्हा आधीचा पाच स्टारचा एसी नव्या मोजणीत चार स्टारचा झाला. लेबलवर कोणत्या काळासाठी ते लागू आहे हे छापलेलं असतं, आणि आयएसईईआर नावाचा आकडाही असतो. तो जितका मोठा, तितकी वीज कमी. दोन दुकानांतले दोन ‘पाच स्टार’ एसी वेगळ्या काळातले असतील तर स्वस्त असलेला खरंच स्वस्त आहे की जुना आहे, हे या दोन ओळी वाचल्यावर कळतं. आपल्याकडे एसी दिवसाचे आठ-दहा तास चालतो. खरेदीत वाचवलेले हजार रुपये पुढच्या एक-दोन उन्हाळ्यांच्या बिलात परत जायला नकोत.

जुना भाव घेऊन जाण्यातही अर्थ नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वीची किंमत ३०,००० धरली तर तीच वस्तू ३८,४०० वरून ३५,४०० वर आली. त्याआधी शेजाऱ्यानं काय भावात घेतला, हे आता तुलनेला चालत नाही.

चौथी हरकत कार्डाची. इथं दुकानदाराचं म्हणणं रास्त असतं. वेबसाइटवर मोठ्या अक्षरात दिसणाऱ्या भावातले हजार-दीड हजार अनेकदा बँकेच्या ऑफरचे असतात, आणि ते पैसे दुकानदाराच्या खिशातून येत नाहीत. तेव्हा तुलना नेहमी घरात चालू झालेल्या वस्तूच्या एकूण खर्चाची करायची. आकडे मांडून पाहू. हे नुसतं उदाहरण आहे. ऑनलाइन एसी ३८,९९० ला आहे. एका बँकेच्या कार्डावर १,५०० सूट, म्हणजे ३७,४९०. इन्स्टॉलेशनचे १,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७७०. बाहेरच्या युनिटचा स्टँड ९००. एकूण झाले ४०,१६०. दुकानदार म्हणतो ४०,५००, इन्स्टॉलेशन आणि स्टँड धरून. स्क्रीनकडे पाहिलं तर फरक तीन हजारांचा वाटत होता, प्रत्यक्षात तो ३४० रुपयांचा आहे. आणि ते कार्ड तुमच्याकडे नसेल तर ऑनलाइनचे ४१,६६० होतात, म्हणजे दुकानातलाच स्वस्त.

हा हिशोब कागदावर करून नेला तर बोलणंच वेगळं होतं. ‘तीन हजार कमी करा’ म्हणणाऱ्याला दुकानदार उडवून लावतो. ‘सगळं धरून मला चाळीस हजार एकशे साठ पडतात, तुम्ही चाळीस करा, आत्ता घेऊन जातो’ म्हणणाऱ्याशी तो बोलतो. त्याला समोर तयार ग्राहक दिसतो. तांब्याच्या पाइपचं मात्र आधीच विचारून घ्या. सोबत येतो त्यापेक्षा जास्त लांबीचा लागला तर फुटामागे पैसे पडतात, आणि वरच्या मजल्यांवर हा खर्च हमखास वाढतो.

नो कॉस्ट ईएमआयबद्दल एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. त्यातलं व्याज कुठं नाहीसं होत नाही. ते कंपनी किंवा विक्रेता सूट म्हणून सोसतो. शिवाय व्याजाच्या रकमेवरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडूनच जाते. तुम्ही एकरकमी पैसे देणार असाल तर ‘ईएमआयवाल्यासाठी जे सोडता ते मला भावात कमी करा’ असं मागता येतं. प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही, पण मागणी रास्त आहे आणि दुकानदाराला ती कळते.

सेलर कोण, ही हरकत थोडक्यात. अमेझॉन किंवा फ्लिपकार्टवर दिसणारा भाव सहसा त्या साइटचा नसतो, तिथं बसलेल्या कुणा विक्रेत्याचा असतो. म्हणून भावाखाली विक्रेत्याचं नाव पाहा आणि तो कंपनीचा अधिकृत विक्रेता आहे का ते कंपनीच्या साइटवर तपासा. अनोळखी विक्रेत्याचा फार कमी भाव दुकानदारानं मानला नाही, तर त्यात त्याची चूक नाही. सगळ्यात सोपी तुलना मात्र अनेकांच्या लक्षातच येत नाही. मोठ्या साखळीच्या शोरूममध्ये उभं राहून त्याच साखळीची वेबसाइट उघडा. पुष्कळदा तिथं भाव वेगळा असतो, आणि स्वतःच्याच भावाला ‘नाही’ म्हणणं काउंटरवरच्या माणसाला जड जातं.

सेलचा भाव खरंच कमी आहे का, हेही पाहता येतं. कीपा किंवा बायहटके यांसारखी साधनं गेल्या काही महिन्यांत वस्तूचा भाव कसा वर-खाली झाला त्याचा आलेख दाखवतात. आधी वर चढवून मग ‘४० टक्के सूट’ दिलेला भाव त्यात लगेच उघडा पडतो.

काही ठिकाणी ही युक्ती चालत नाही, आणि आपल्या शहरात त्यातलं पहिलं नाव कूलरचं. लोखंडी बॉडीचे कूलर इथंच बनतात, जोडले जातात. त्यांना मॉडेल नंबर नसतो. दोन दुकानांतले दोन कूलर दिसायला सारखे असले तरी पत्र्याचा गेज म्हणजे जाडी, मोटारीच्या वायंडिंगमध्ये तांबं आहे की अॅल्युमिनियम, पंप कोणता, आणि आत खस आहे, वुडवूल आहे की हनीकॉम्ब, यावर किंमत ठरते. इथं दुसऱ्या दुकानाचा आकडा सांगून फायदा नाही. प्रत्येक भाग वेगळा विचारायचा, मोटार आणि पंपाची गॅरंटी बिलावर घ्यायची आणि मग भाव बोलायचा. कमी भाव ऐकून खूश होऊन पातळ पत्रा घरी आणला तर दोन-चार पावसाळ्यांत तळ गंजायला लागतो.

औषधांचं थोडं वेगळं आहे. बीपी-शुगरची नेहमीची औषधं महिन्याची एकदम घेणाऱ्याला बरेच केमिस्ट एमआरपीवर सूट देतात. ऑनलाइनची सूट दाखवली तर ती वाढवतातही. विचारायला संकोच नको. किराण्यात मात्र दहा-वीस रुपयांसाठी भाव जुळवत बसण्यात वेळ जातो. जे जिथं स्वस्त असेल ते तिथून घ्यावं.

या पद्धतीबद्दल अर्थशास्त्रात एक गंभीर शंका घेतली जाते, आणि ती ग्राहकानं समजून घ्यायला हवी. समजा एका चौकात दोन दुकानं आहेत आणि दोघांनीही ‘समोरच्याचा भाव जुळवून देऊ’ अशी पाटी लावली आहे. एकानं भाव उतरवला तर त्याला नवं गिऱ्हाईक मिळत नाही, कारण दुसरा लगेच तोच भाव देतो. मग आधी भाव उतरवण्यात कुणालाच फायदा राहत नाही आणि दोघांचे भाव वरच टिकतात. ग्राहकाच्या बाजूचं वाटणारं वचन असं दुकानदारांमधली चढाओढ थंडही करू शकतं. त्यामुळे पाटी आहे म्हणून भाव कमीच असेल असं धरू नये. तिसरं दुकान आणि ऑनलाइन, दोन्ही पाहावं.

मला याहून जास्त खुपतं ते दुसरंच. भाव जुळवून मिळतो तो विचारणाऱ्याला. न विचारणारा त्याच काउंटरवर, त्याच दिवशी, त्याच वस्तूचे जास्त पैसे देतो. आणि न विचारणारे कोण असतात? ज्यांना मोबाइलवर मॉडेल शोधता येत नाही असे वयस्कर लोक, गावाकडून एका दिवसासाठी नागपुरात खरेदीला आलेले, पहिल्यांदा शोरूमच्या काचेच्या दारातून आत जाणारे. त्यांची ऐपत सहसा कमीच असते. तुमच्या ओळखीत असं कुणी फ्रिज-एसी घ्यायला निघालं तर मॉडेल नंबर शोधून, हिशोब कागदावर मांडून त्यांच्या हातात द्या, जमलं तर सोबत जा. एकाच फ्लॅट स्कीममधल्या दोघा-तिघांनी मिळून घेतलं तर दुकानदार आणखी थोडं सोडतो, हेही लक्षात असू द्या.

कुणी ‘बिल नको असेल तर आणखी कमी करतो’ म्हणालं, तर तिथून उठावं. बिलाशिवाय वॉरंटी मागायला आधार राहत नाही आणि तक्रारीलाही.

तक्रारीचंही सांगतो. दुकानानं जाहिरातीत भाव जुळवून देण्याचं वचन दिलं आणि अटी पूर्ण असूनही नाकारलं, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. ऑनलाइन साइटवर शेवटच्या पायरीला लपवलेलं शुल्क वाढवणं, न मागता टोपलीत वस्तू टाकणं, खोटी घाई दाखवणं, हे प्रकार नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी अनुचित ठरवले आहेत. पहिला फोन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला करावा. मराठीतही बोलता येतं. तिथं सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. या कायद्यानं ग्राहक जिथं राहतो तिथं तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता बेंगळुरूचा असला तरी तक्रार नागपुरात चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. मात्र पुरावा लागतो: जाहिरातीचा फोटो, तारखेसह स्क्रीनशॉट आणि दुकानदारानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला भाव. म्हणून तोंडी भावावर समाधान मानू नका. ‘भाऊ, हा रेट मॉडेल नंबरसकट व्हॉट्सअॅप करा न’ म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही.

पैसे देण्याआधी एक शेवटचं विचारा: आठवडाभरात तुमच्याच दुकानात भाव उतरला तर फरक द्याल का? एसी एकदा भिंतीवर बसला की केवळ भाव उतरला म्हणून कुणी परत घेत नाही, त्यामुळे हे आधीच ठरलेलं बरं. दुकानदार हो म्हणाला तर बिलावर एका ओळीत लिहून सही-शिक्का घ्या. मग बिलावरचा मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहा, आणि मगच कार्ड किंवा यूपीआय काढा.